पसारा धाकटी आवरते

यावल तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला. भरीत आणि शेवभाजी अशी करतो की पाहुणे पुन्हा मागून घेतात. शेफ व्हायचं म्हणतो आणि वडील तयार आहेत. सुट्टीत जळगावच्या एका हॉटेलात त्याला कामाला ठेवलं होतं. तिथे कांदे सोलायला बसवलं म्हणून वडिलांनीच आठवड्यात परत आणलं. ‘असल्या ठिकाणी त्याची कला मरेल. थेट मोठा शेफ करणारा कोर्स सांगा,’ असं त्यांचं म्हणणं.

भाऊसाहेब,

परीक्षांचं आधी उरकतो. बारावीला इंग्रजी असेल तर कोणत्याही शाखेतून एनसीएचएम जेईई ही हॉटेल मॅनेजमेंटची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देता येते, त्याच विषयाच्या पदवीसाठी राज्याची बी.एचएमसीटी सीईटी वेगळी. थेट मोठा शेफ करणारा कोर्स नाही.

मला खटकलं ते दुसऱ्या पानावरचं, जे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. ‘तो गॅसपाशी उभा राहिला की आईलाही आत येऊ देत नाही. नंतरचा पसारा धाकटी आवरते.’ हॉटेलच्या किचनमध्ये अशा मुलाला पहिल्याच दिवशी बाजूला काढतात. तिथे हातासरशी स्वतःचा ओटा पुसणं हे कामच धरतात, आणि मागे कोणी बहीण उभी नसते.

शेफ म्हणजे एकटा कलावंत, हा समज टीव्हीने पोसलाय. चार जणांच्या टेबलाची ऑर्डर आली की तंदूरवाला, करीवाला आणि ग्रिलवाला यांनी वेगवेगळ्या वेळी सुरू करून एकाच मिनिटाला ताट पुढे सरकवायचं असतं. रोटी तीन मिनिटं उशिरा आली तर उत्तम भाजीही थंड होते, आणि शिव्या सगळ्यांना बसतात. शंभरावी प्लेट पहिलीसारखीच लागली पाहिजे. आज सुचलं म्हणून मसाला बदलणारा तिथे प्रतिभावान नव्हे, डोकेदुखी ठरतो. कामाची ही वाटणी एस्कोफिए या फ्रेंच शेफने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात 1890 नंतर पक्की बसवली. तो आधी सैन्यात स्वयंपाकी होता, हे लक्षात घ्या. आपल्याकडे 2018 मध्ये जळगावात विष्णू मनोहरांनी अडीच हजार किलो भरीत केलं. नाव त्यांचं झालं, आणि ते योग्यच. पण तेवढी वांगी भाजायला आणि सोलायला किती हात लागले असतील, याचा हिशेब मुलाला करायला सांगा. कांदे सोलणारा पोरगा याच रांगेतला. नवा कॉमी, म्हणजे किचनमधला शिकाऊ स्वयंपाकी, तिथूनच सुरू करतो.

आणि लाज नक्की कोणाला वाटली? पत्रात मुलाची तक्रार कुठेच नाही. ‘लोक काय म्हणतील, पाटलाचा पोरगा कांदे सोलतो’ हे वाक्य तुमचं आहे. त्याची कला हॉटेलात मरत नव्हती, तुम्ही त्याला उचलून आणलंत.

तेव्हा कोर्स राहू द्या. यंदाच्या हिवाळ्यात भरीत पार्ट्यांची कामं घेणाऱ्या आचाऱ्याकडे त्याला पाठवा. एक जण कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतो, दुसरा सोलतो, तिसरा ठेचतो, फोडणी आचारी देतो. याने सोलायला बसायचं. तुम्ही तिकडे फिरकायचं नाही. हंगाम काढला तर फॉर्म भरा. नाही जमलं तर घरी हौसेने रांधू द्या आणि बीएस्सी अ‍ॅग्रीचं बघा, त्यात कमीपणा काही नाही.

धाकटी दहावीला आहे असं ओझरतं लिहिलंय. तिच्याबद्दल वेगळं पत्र पाठवा, पण तिलाच लिहायला सांगा.