वाचक विचारतात : जुनी गाडी पेट्रोल का खाते?

प्रश्न : माझी 2013 ची अल्टो 800 आहे. दर्यापूर-अमरावती रोज जाणं-येणं. आधी लिटरला 19-20 किलोमीटर देणारी गाडी आता 14 वर आली आहे. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. मागे गाडी फार गरम व्हायची म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तेव्हापासून तो त्रास नाही. आता पाण्यापासून गॅस तयार करणारं किट बसवून घ्यावं का? (वाचक, दर्यापूर)

उत्तर : किट बसवू नका. काढलेला थर्मोस्टॅट परत बसवा. तुमचं पेट्रोल बहुतेक तिथेच जातंय.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला मेणाचा व्हॉल्व्ह. साधारण 82 अंशांच्या आसपास तो उघडू लागतो (नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो). तोपर्यंत पाणी इंजिनमध्येच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरायला लागतं. त्यात रस्ता मोकळा आणि समोरून वारा, म्हणजे इंजिन पुरतं तापतच नाही. टेंपरेचर सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवत राहतो की इंजिन अजून थंड आहे, आणि कॉम्प्युटर चोक ओढल्यासारखं जादा पेट्रोल सोडत राहतो. ऑइल घट्ट राहतं, न जळलेलं पेट्रोल त्यात उतरतं, इंजिनची झीज वाढते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तर फारच.

खात्री करायची तर मेकॅनिककडे स्कॅनर लावून गाडी पंधरा किलोमीटर चालवा. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान 60-65 वरच रेंगाळत असेल तर निदान पक्कं. स्कॅनर नसेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा (फॅन आणि बेल्टपासून बाही दूर ठेवून). थर्मोस्टॅट धड असेल तर पाइप काही मिनिटं थंड राहतो आणि मग एकदम तापतो. नसेल तर सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो.

पण नुसता बसवून भागणार नाही, कारण गाडी मुळात गरम का होत होती हे कोणी पाहिलेलं दिसत नाही. दर्यापूर खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागात आहे. तिथलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकलं की क्षार नळ्यांमध्ये बसतात आणि पाणी फिरायची वाट अरुंद होते. बाहेरून जाळीत धूळ आणि सोयाबीनचं कुटार अडकतं ते वेगळंच. म्हणून क्रम असा ठेवा. इंजिन पूर्ण थंड असताना पाणी सोडून द्या. साधं स्वच्छ पाणी भरून गाडी दहा मिनिटं चालू ठेवा, थंड होऊ द्या, पुन्हा सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच करा. नळ्या क्षाराने बंदच झाल्या असतील तर रेडिएटर बदलावा लागेल. जाळी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा जवळून मारला तर पत्रे वाकतात. फॅन ठरल्या वेळी सुरू होतो का आणि रेडिएटर कॅपचं रबर शाबूत आहे का, तेही बघा. मग नवा थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटसह बसवा. त्यावरचं हवेचं बारीक छिद्र वरच्या बाजूला आलं पाहिजे. बसवण्याआधी उकळत्या पाण्यात दोऱ्याने लटकवून तो उघडतो का पाहिलंत तर उत्तम. शेवटी तयार कूलंट भरा आणि त्यात अडकलेली हवा काढा. पुढे बोअरचं पाणी एक ग्लाससुद्धा टाकू नका.

एवढं करून फरक पडला नाही तर ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) तपासा, आणि ब्रेक. पांदणीच्या चिखलातून जाणाऱ्या गाडीचे कॅलिपर पिन (ब्रेक ज्यांवर सरकतो त्या) सुकतात आणि ब्रेक घासत राहतो. ब्रेक फार न वापरता दहा किलोमीटर चालवा, थांबून चारही रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. एक रिम जास्त गरम लागली तर दोष तिथेच. पिनला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

आता किटबद्दल. पाणी फोडायला वीज लागते, ती अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणून खर्च झालं त्याहून जास्त परत मिळूच शकत नाही. काही विक्रेते सोबत ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल बदलणारा डबा लावतात. त्याने हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आकडा थोडा सुधारल्यासारखा वाटतो आणि व्हॉल्व्ह जळतात.

प्रश्न : 2006 ची मारुती 800 आहे. खालून घासते म्हणून 145/70 ऐवजी 145/80 आर 12 टायर टाकले, तेव्हापासून ॲव्हरेज 17 वरून 16 झालं. पंक्चरवाला म्हणतो, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा. (वाचक, पुसद)

उत्तर : तुमचं ॲव्हरेज फारसं कमी झालेलंच नाही. जुन्या टायरचा व्यास सुमारे 508 मिलिमीटर, नव्याचा 537. म्हणजे मीटर 100 किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी जवळपास 105.7 चाललेली असते. 16 ला 1.057 ने गुणा : 16.9. स्पीडही मीटर कमीच दाखवतो, हे मात्र ध्यानात ठेवा. मोठ्या चाकामुळे चढावर इंजिनला जड जाईल, तेव्हा गिअर वेळेवर उतरवा.

पंक्चरवाल्याचा सल्ला पाळू नका. विदर्भात हा समज घरोघरी आहे आणि मे महिन्यात टायर फुटण्यामागे बऱ्याचदा तोच असतो. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्याने टायर आतून तापतो, आणि गाडी ओढायला पेट्रोलही जास्त लागतं. कंपनीचा आकडा थंड टायरचा असतो, गरम झाल्यावर दाब वाढणार हे त्यात धरलेलं असतं. साधारण दर साडेपाच अंशांना एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब वाढतो. म्हणून सकाळी, गाडी हलवण्याआधी हवा मोजा, मॅन्युअलमध्ये किंवा दाराजवळच्या स्टिकरवर दिलेली ठेवा, आणि दुपारी दाब वाढलेला दिसला तरी काढू नका.

प्रश्न : ई20 पेट्रोलमुळे जुन्या गाडीचं ॲव्हरेज खरंच घटतं का? (वाचक, ब्रह्मपुरी)

उत्तर : घटतं. ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घट सांगितली आहे. म्हणजे 18 ची गाडी 17 च्या आत-बाहेर येईल. 18 वरून 13 झाली असेल तर दोष इंधनाचा नाही, गाडीत शोधा. घट भरून काढणारं औषध म्हणून बाटल्या विकल्या जातात, त्यांवर पैसे घालवू नका. पेट्रोलचे रबरी पाइप कडक झालेत का, चिरलेत का आणि इंजिनजवळ वास येतो का, हे बघा; जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही. टाकीतला जुना गाळ सुटतो, म्हणून फ्यूल फिल्टर एकदा बदला. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.