उत्तरेची भिंत

ठाणे, ८ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेली छायाचित्रे मी दोनदा सावकाश पाहिली. मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च येणारा-जाणारा टिपतोच. ते सोडून तू खाडीच्या अंगाला असलेल्या गावठाणातले ते छोटे, कौलारू चर्च निवडलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र चाळीस छायाचित्रांसाठी तू चाळीस ठिकाणी उभा राहिलास, आणि सगळी छायाचित्रे तीन रविवारांत, एकाच उन्हात काढलीस. त्या वास्तूवरून जाणारे वर्ष तुला दाखवायचे असेल, तर उभे राहण्याच्या जागा दोनच ठेव आणि तिथे पुन्हा पुन्हा जा.

पहिली जागा दर्शनी भागासमोरची, ती तुला सापडलेलीच आहे. दुसरी मी सुचवतो: उत्तरेच्या भिंतीची. या भिंतीकडे सहसा कोणी पाहत नाही, कारण सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्यावर ऊन पडतच नाही. पावसाळ्यानंतर दक्षिणेची भिंत ऑक्टोबरच्या उन्हात भराभर वाळते, तेव्हा उत्तरेची ओलीच असते. तिच्यावरचे शेवाळ हिरव्याचे पिवळसर आणि पिवळसरचे काळे होत जाते, आणि खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन्ही टोकांना पाणी ठिबकून पडलेले काळे ओघळ उन्हाळ्यापर्यंत तसेच राहतात. ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे १६ मेच्या सुमारास सूर्य भरदुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो, आणि तेव्हापासून २७ जुलैच्या आसपासपर्यंत तो दिवसभर आकाशाच्या उत्तर भागातूनच जातो. म्हणून या दिवसांत सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, ईशान्येच्या बाजूने येणारे तिरपे ऊन त्या भिंतीला जवळजवळ घासून जाते. त्या उन्हात चुन्याचा सुटलेला पोपडा, आत दबलेल्या दगडाचा फुगवटा, कधीतरी बुजवलेल्या खिडकीची कमान, सगळे उठून दिसते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग भरून आले की हा प्रकाश गेला. तुझ्या हाती जेमतेम महिना आहे, म्हणून हे पत्र घाईने लिहितो आहे. चर्चची वेदी पूर्वेलाच असेल असे गृहीत धरू नकोस. आधी होकायंत्राने दिशा पाहून घे.

जागा ठरली की ती मोजून ठेव. भिंतीपासूनचे अंतर, ट्रायपॉडची उंची, लेन्सची फोकल लेंथ आणि फ्रेमच्या कडेला कोणता दगड येतो, हे सारे वहीत लिही. मी तरुणपणी अशाच एका चर्चचे वर्षभर काम केले आणि जागा डोळ्यांनी लक्षात आहे या भरवशावर राहिलो. पावसाळ्यानंतर गवत कापले गेले, मी चार पावले पुढे उभा राहिलो, आणि पुढची सहा महिन्यांची छायाचित्रे आधीच्यांशी जुळेनात. ते वर्ष मला पुन्हा करावे लागले.

कॅमेरा वर झुकवू नकोस, नाहीतर भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. मागे सर, कॅमेरा समपातळीत ठेव आणि खाली येणारे जास्तीचे अंगण नंतर काप. पांढऱ्या भिंतीने चौकट भरली की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर तिला करडी ठरवतो, तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

पावसाळा मात्र मन लावून कर. सरसरून पाऊस पडत असताना छायाचित्रात विशेष काही येत नाही. खरे चित्र सर थांबल्यानंतरच्या दहा मिनिटांत मिळते. तेव्हा कौले गडद तांबडी होतात, पन्हाळीचे पाणी एका धारेने पडत असते आणि ढगाळ उजेडामुळे शेवाळाच्या छटा वेगवेगळ्या दिसतात. ओल्या दगडावरची चकाकी पोलरायझरने, म्हणजे लेन्सवर लावायच्या फिल्टरने, कमी होते, पण ती पूर्ण घालवू नकोस. तिच्यामुळेच दगड ओला दिसतो. एसीच्या खोलीतून निघालास तर कॅमेरा पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ दे. रात्री लेन्स सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेव, कारण आपल्याकडच्या दमट हवेत ऑगस्टपर्यंत काचेवर बुरशीचे जाळे दिसू लागते.

आणखी एक गोष्ट. चर्चचे स्वतःचेही ऋतू असतात आणि ते पंचांगात सापडत नाहीत. सणाच्या आधी भिंतींना सफेदी होते आणि वर्षभराचे ओघळ एका दिवसात नाहीसे होतात. ती कधी होणार हे फादरांना आताच विचार, आणि आदल्या दिवशी व दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून छायाचित्र घे. दोन नोव्हेंबरला लोक आपल्या माणसांच्या कबरी धुऊन मेणबत्त्या लावतात, तेव्हा चेहरे टिपायचे असतील तर आधी परवानगी घे, आणि कोणी नाही म्हटले तर कॅमेरा खाली ठेव. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चालू असताना आत फिरू नकोस. अंगणातला चाफा हिवाळ्यात पार निष्पर्ण होतो आणि उन्हाळ्यात आधी फुलतो. दर्शनी भागाच्या छायाचित्रात त्याची एक फांदी राहू दे, तारीख न लिहिताही महिना कळेल.

येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला मी चर्चच्या फाटकापाशी येतो. मोजपट्टी माझ्याकडे आहे; तू वही आणि होकायंत्र घेऊन ये. जागा ठरली की सात वाजताचे पहिले छायाचित्र तू घे.

तुझा,
काका