शार्डोने चाखायची तर आधी बाटलीला फडकं बांध

प्रिय बाळा,

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि झोपच येईना, सकाळी उठल्या उठल्या आधी हे लिहायला बसलोय. पाहुणे अमेरिकेहून शाटो माँटेलेना या कॅलिफोर्नियाच्या वायनरीची शार्डोने, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन, घेऊन येतायत आणि टेबलावर तू बोलायचंय, तेही वाईनच्या नोकरीला सहा महिने झाले नाहीत तोवर! लई आनंद झाला. तू विचारलंयस की कुठल्या टेस्टिंग नोट्स, म्हणजे वास-चवीची वर्णनं, पाठ करू. एकही करू नको. बाटली आली की आधी तिला स्वच्छ फडकं गुंडाळ, मानेपर्यंत, आणि शेजारी आपल्याकडची एखादी शार्डोने तशीच गुंडाळून ठेव. अकलूजकडची मिळाली तर बरंच. फडक्यांवर १ आणि २ लिही, कुठला नंबर कोणाचा ते दुसऱ्याच माणसाला ठरवू दे, तुलाही कळता कामा नये.

हे एवढं का सांगतोय तर या वायनरीचं नाव जगात झालं तेच मुळी बाटल्या झाकल्या होत्या म्हणून. २४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परियर नावाचा इंग्रज माणूस, पॅरिसमध्ये वाईनचं दुकान चालवायचा, त्याने हे टेस्टिंग ठेवलं. पांढऱ्या दहा वाईन, त्यातल्या चार फ्रान्सच्या बरगंडीतल्या नावाजलेल्या आणि सहा कॅलिफोर्नियाच्या, ज्यांना तिथे कोणी विचारत नव्हतं. ज्यांचे मार्क धरले ते नऊही परीक्षक फ्रेंच. एक जण तर कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची वाईन पिऊन म्हणाला की आता आलो बुवा परत फ्रान्समध्ये. मार्क मोजले तर पांढऱ्यात पहिली आली माँटेलेनाची १९७३ची शार्डोने. लाल वाईनमध्येही पहिला नंबर नापाच्याच स्टॅग्ज लीप या वायनरीचा. पत्रकार बोलावले होते पुष्कळ पण आला एकच, टाइम मासिकाचा जॉर्ज टेबर, आणि त्याच्या छोट्याशा बातमीने सगळं बदललं. ते परीक्षक अडाणी नव्हते गं, आयुष्यभर तेच काम केलेली माणसं, पण लेबल दिसत नव्हतं म्हणून नाकाला जे आलं तेच कागदावर उतरलं. लेबल दिसलं असतं तर हेच मार्क पडले असते असं मला नाही वाटत.

आता वायनरीचा इतिहास, कारण पाहुणे विचारणारच. १८८२ साली आल्फ्रेड टब्ज नावाच्या माणसाने नापातल्या कॅलिस्टोगा गावाजवळ जमीन घेतली, सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा दोरखंडाचा धंदा होता. माउंट सेंट हेलेना हा डोंगर तिथे समोरच आहे, त्याच्याच नावावरून माँटेलेना. मग १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी आली, धंदा बसला. १९५८ साली फ्रँक नावाच्या चिनी जोडप्याने जागा घेतली, त्यांनी तिथे तळं केलं, जेड लेक, ते अजून आहे. जिम बॅरेट हा वकील १९७२ साली आला आणि त्याने वाईन करायला माणूस घेतला माइक ग्रगिच. या ग्रगिचबद्दल टेबलावर नक्की बोल. क्रोएशियातल्या खेड्यातला पोरगा, १९५४ साली देश सोडला, नापाला पोचेपर्यंत १९५८ उजाडलं, मग दुसऱ्यांच्या वायनऱ्यांमध्ये काम करत करत इथवर आला. २०२३च्या डिसेंबरमध्ये गेला तेव्हा शंभर वर्षांचा होता. आणि अजून एक, ती १९७३ची द्राक्षं बरीचशी वायनरीच्या स्वतःच्या मळ्यातली नव्हतीच, शेजारच्या सोनोमातल्या शेतकऱ्यांकडून घेतलेली होती. आपल्या घरी केळीचा घड कापून गाडीत भरून दिला की त्याचं पुढे काय झालं, कोणी खाल्ला हे कधी कळत नाही ना, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

चवीकडे येतो. तू म्हणतेस मला वास ओळखता येत नाहीत, पीच आणि हेझलनट मी कधी खाल्लेच नाहीत. अगं पण तू रावेर-यावल पट्ट्यातली पोरगी आहेस! केळीचा वास तुझ्याइतका पॅरिसच्या परीक्षकालाही कळायचा नाही. हिरव्या घडाचा वेगळा, रायपनिंग चेंबरचं, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीचं, दार उघडल्यावर अंगावर येतो तो वेगळा, काळे ठिपके पडलेल्या केळीचा अजून वेगळा. तो चेंबरवाला गोडसर वास ज्या पदार्थामुळे येतो तो आयसोअमाइल ॲसिटेट वाईनमध्येही तयार होतो, रस आंबवणारं यीस्ट तयार करतं, थंड ठेवून आंबवलेल्या पांढऱ्या वाईनमध्ये जास्त. वर्षं जातात तसा तो उडून जातो. म्हणजे ग्लासात केळी आली तर समज की वाईन तरुण आहे आणि थंडीत आंबवलीय.

दुसरं, आपल्या काळ्या मसाल्यासाठी आई सुकं खोबरं भाजते तेव्हा घर भरून जातं बघ, तसं काही आलं, सोबत व्हॅनिला, तर ते ओकच्या लाकडी पिंपाचं, ज्यात वाईन मुरवतात. शार्डोने हे द्राक्ष स्वतः फार बोलत नाही, त्यामुळे करणाऱ्याने जे जे केलं ते सगळं त्यात लवकर दिसतं.

आणि लोणी. शार्डोने म्हटलं की लोक लोण्याचं बोलतात, पण ते प्रत्येकीत नसतं. द्राक्षात मॅलिक ॲसिड असतं, हिरव्या सफरचंदात असतं तेच, कैरीतही असतं. काही वायनऱ्या बॅक्टेरियाकडून त्याचं लॅक्टिक ॲसिड करून घेतात, म्हणजे दही-ताकातलं. आंबटपणा मऊ होतो आणि त्याच कामात लोण्याचा वास सुटतो. माँटेलेनावाले हे होऊ देत नाहीत. याच्यापुढे त्या वाईनबद्दल एक शब्द सांगणार नाही, तू चाखून मला सांग. घोट तोंडात सगळीकडे फिरू दे, गिळायची गरज नाही, थुंकायचं भांडं त्यासाठीच असतं, आणि थुंकल्यावर चव तोंडात किती वेळ राहते ते मनात मोज.

आता एक चूक सांगतो, तेव्हा मी तुझ्यापेक्षा मोठा होतो तरी केली. एका पाहुण्याने मला फ्रान्सची महागडी बाटली दिली होती. मे महिना, नाशिकहून सावद्याला एसटीने निघालो, पिशवी वरच्या रॅकवर, दिवसभर पत्रा तापलेला, आणि घरी आल्यावर चार दिवस ती कपाटावर. उघडली तेव्हा कॉर्क थोडा वर आलेला, रंग गडद, वास शिजवून ठेवलेल्या सफरचंदाचा, आणि मी सगळ्यांना सांगतोय की जुनी भारी वाईन अशीच असते. वहिनीने आयुष्यात वाईन घेतलेली नाही, तिने नुसतं ग्लासाला नाक लावलं आणि म्हणाली, भाऊजी, हे उतरलंय. तिचं बरोबर होतं. नाक मलाही होतं पण मी लेबल वाचत बसलो होतो. ते अजून मनाला लागतं.

म्हणून बाटली आली की आडवी, अंधारात, थंड जागेत ठेव. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतू नको, फार गार असली की वासच येत नाही, दहा-बारा डिग्रीला येऊ दे. नाशिकच्या एसी रूममध्ये वीसेक मिनिटं लागतील, आपल्याकडे जळगावला उन्हाळ्यात पाच मिनिटांत काम होतं. ग्लास तिसरा हिस्साच भर.

घरी दादांना काय सांगू असंही विचारलंस. माळकरी घर आहे, मला माहितीय. खरं तेच सांग, काय काम करते, किती थुंकते, कशी शिकते. लपवलंस तर बाहेरून कळेल आणि ते त्यांना जास्त लागेल. मी दिवाळीत येईन तेव्हा त्यांच्याशी बोलतो.

पाहुण्यांसमोर फडकी सोडण्याआधी स्वतःचं लिहून ठेव, मराठीतच लिही, खोबरं तर खोबरं. दोन्ही बाटल्यांतली थोडी उरव, कॉर्क लावून फ्रिजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी परत घोट घेऊन त्याच पानावर खाली लिही आणि पानाचा फोटो पाठव.

तुझा,
काका