आजीच्या लुगड्यांची गोधडी

प्रश्न : आजीची तीन सुती नऊवारी लुगडी आहेत. त्यांची गोधडी शिवून तिच्या माहेर-सासरची नावं त्यावर भरायची आहेत. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : कात्री लावण्याआधी लुगड्यांचे फोटो काढा, कोणतं कधी नेसायची ते घरच्यांना विचारून लिहून ठेवा. नंतर ते कुणालाच आठवत नाही.

ओला पांढरा फडका घासून रंग जातो का बघा. जाणारं लुगडं पाणी नितळ येईपर्यंत वेगळं धुवा.

नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. दोन-दोन मीटरचे चार तुकडे करा, दोन-दोन शेजारी जोडा. एका लुगड्यात दोन थर होतात. चार थर पुरेत, सहा झाले की सुई ओढताना बोटं दुखतात. विरलेलं कापड आत, धडकं वर. सिंथेटिक साडी मध्ये घालू नका, थर सरकतात.

नावं वरच्या थरावर आधीच उलट्या टिपेने (दर टाक्याला सुई थोडी मागे घेऊन) भरा, म्हणजे गाठी आत जातात. अक्षर दोन बोटं उंच हवं. बारीक अक्षरं नंतर सगळे थर शिवताना घालायच्या धावदोऱ्यात हरवतात. मग थर जमिनीवर ताणून, मध्यापासून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. हे टाळलं की मधे फुगा येतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही.