घरासमोरच्या काँक्रीटच्या पार्किंगला कोणता सीलर लावावा? पावसात हिरवं होतं, पाणी मुरतं.

सरळ सिलेन-सिलोक्सेनवाला पेनिट्रेटिंग सीलर घ्या, चकचकीत ॲक्रिलिक उघड्यावर लावू नका. मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो आणि पार्किंगला ॲक्रिलिक लावलेलं दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे धरून निघताना बरेचदा बघितलंय, कारण त्याचा वर पातळ थर बसतो, खालून जमिनीची ओल वर यायला बघते, तिला वाट मिळत नाही मग फुगे येतात, पांढरट डाग पडतात आणि ओलं झालं की पाय सटकतो तो वेगळाच. सिलेन-सिलोक्सेन आत मुरतो, छिद्रांच्या भिंतींना धरतो, पाणी आत ओढलं जात नाही पण वाफ बाहेर जाते. दिसायला काहीच फरक दिसत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं पैसे फुकट गेले, पण पाणी शिंपडून बघा, थेंब मोत्यासारखे वर राहतात.

लावताना एवढं बघा:
- नवीन काँक्रीट असेल तर 28 दिवस थांबा
- शेवाळ ब्रशने घासून काढा, धुवा, दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊ द्या (काम मार्च-एप्रिलमध्येच उरका)
- पहिला हात ओला असतानाच दुसरा मारा, वर साचलेला पुसून घ्या

फक्त एक, हा सीलर भेगा बुजवत नाही आणि पाणी तुंबत असेल तर तिथे टिकाव लागत नाही, म्हणून आधी भेगा भरून ढाळ नीट करून घ्या.