मशेरी सोडली तर पोट साफ होईल का?

“मशेरी बंद केली की पोट साफ होत नाही, दिवसभर डोके जड राहते, मग सोडायची तरी कशी?” तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशन करताना स्त्रियांकडून मला वारंवार ऐकावी लागणारी अडचण हीच आहे. कर्करोगाची भीती त्यांना नसते असे नाही, पण ती भीती दूरची असते आणि सकाळच्या शौचाचा प्रश्न रोजचा असतो. घरातले लोक या तक्रारीला सबब म्हणतात आणि क्वचित उपचार करणारेही ती हसण्यावारी नेतात. माझ्या मते ती सबब नव्हे, आणि तिचे समाधान झाल्याखेरीज पुढचा कोणताही सल्ला त्या स्त्रीच्या कानांपलीकडे जात नाही. सातारा जिल्ह्यातील एका सासू-सुनेची हकिकत त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सासूबाई पंचावन्नीच्या, शेतात राबणाऱ्या. त्यांच्या खालच्या ओठाच्या आतल्या बाजूस, हिरडीलगत, पांढरा चट्टा आढळल्याने दंतवैद्यांनी त्यांना माझ्याकडे पाठवले होते. तुकडा काढून तपासला तेव्हा कर्करोग निघाला नव्हता, मात्र असे चट्टे पुढे कर्करोगात बदलू शकतात म्हणून मशेरी थांबवणे आणि नियमित तपासणी करणे आवश्यक होते. लग्न होऊन आल्यावर दाढ दुखू लागली तेव्हा त्यांच्या सासूने पहिल्यांदा बोटावर मशेरी दिली, आणि पुढे दाढ पडून गेली तरी मशेरी राहिली. पहाटे डोळे उघडल्याबरोबर, दोन्ही जेवणांनंतर, दुपारी बांधावर आणि रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी ती लागे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागणे हे अवलंबित्व तीव्र असल्याचे लक्षण समजले जाते. सोबत सून होती, चार महिन्यांची गरोदर. तिलाही सवय आहे का, असे विचारल्यावर तिने आधी सासूकडे पाहिले, आणि उत्तर मला तेवढ्यातच मिळाले. (मुलगा बाहेर बाकावर बसून तळहातावर तंबाखू मळत होता, ‘आईला जरा समजावून सांगा’ असे त्यानेच मला दारात सांगितले होते.)

ज्यांच्या घरात मशेरी नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून त्यांची पूड करतात आणि ती दातांना व हिरड्यांना चोळतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात. एकूण प्रौढांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत; काही जण दोन्ही वापरतात. विडी-सिगारेटपुरते बोलणारे तंबाखूविरोधी व्याख्यान आपल्याकडे बहुसंख्यांना, आणि स्त्रियांना तर जवळजवळ पूर्णच, वगळून जाते.

“मशेरी लावल्याबिगर परसाकडला हुतच न्हाई बघा,” सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना त्यांची सकाळ क्रमाने सांगायला लावली. उठायचे, मशेरी लावायची, उंबऱ्यावर बसून थुंकत राहायचे, मग चूळ भरून कपभर गरम चहा घ्यायचा, गोठ्यात दोन फेऱ्या मारायच्या आणि मग शौचास जायचे. पाणी किती पिता, असे विचारले तेव्हा कळले की शेतावर आडोसा नसल्यामुळे सकाळपासून दुपारपर्यंत त्या मुद्दामच पाणी टाळत. बद्धकोष्ठाचे खरे मूळ मला इथे दिसले, आणि शेतमजूर स्त्रियांच्या बाबतीत ते मला पुन्हापुन्हा दिसते.

निकोटिनचा आतड्यांवर परिणाम होतो हे खरे आहे. आतड्यांची हालचाल सांभाळणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवते आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने शरीर त्या चेतवणीवर विसंबते, म्हणून तंबाखू थांबवल्यावर काही जणांना काही आठवडे बद्धकोष्ठ होते. परंतु झोपेतून उठल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआपच वाढते, आणि गरम पेय, चालणे व ठरलेली वेळ यांनी तिला आणखी मदत होते. सासूबाईंच्या सकाळी या सर्व गोष्टी होत्याच. श्रेय मात्र एकट्या मशेरीला मिळत होते.

सुनेची गोष्ट निराळी निघाली. माहेरी तिने कधी मशेरी लावली नव्हती, आणि सासरीही लागली ती गंमत म्हणूनच. गर्भधारणेनंतर मळमळीमुळे ती आपोआप सुटली होती. पण आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पोट घट्ट होऊ लागले, आणि सासूने मायेपोटीच “थोडी लाव, मोकळं होईल” असे सुचवले. गरोदरपणात संप्रेरकांमुळे आतडी मुळातच मंदावतात आणि लोहाच्या गोळ्यांनी त्यात भर पडते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या पाहणीवर आधारित, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले होते. हे मी सुनेला सांगत होते, परंतु ऐकून गप्प झाल्या त्या सासूबाई.

त्यांची समजूत अशी होती की पुडीतली तंबाखू वाईट, भाजलेली सौम्य. पुडीवरचे भयानक चित्र त्यांनी मुलाकडे पाहिले होते, पण ते आपल्यासाठी आहे असे त्यांना कधी वाटले नाही. वस्तुतः भाजल्याने तंबाखूचा धोका जात नाही; जळण्यातून आणखी काही कर्करोगकारक द्रव्यांची त्यात भर पडते. या समजुतीचा दोष एकट्या त्यांना देणे मला न्याय्य वाटत नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली २०१६ पासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा आणि २०१८ पासून १८००-११-२३५६ हा मोफत मदत क्रमांक छापावा लागतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास तर १९९२ पासूनच देशात मनाई आहे. म्हणजे कारखान्याने जे बनवणे बेकायदेशीर, तेच घरोघरी तव्यावर भाजले जाते, कारण आठवडी बाजारात सुटे घेतलेल्या तंबाखूच्या पानावर ना वेष्टन असते ना इशारा. घरात शिरून तवा तपासणारा कायदा असावा असे मी म्हणणार नाही. पण सुट्या पानाच्या विक्रीकडे इतके दुर्लक्ष का, हा प्रश्न विचारायला हवा.

आम्ही ठरवले ते असे. सासूबाईंनी दुपारची आणि जेवणानंतरची मशेरी आधी सोडायची. पहाटेची लगेच बंद करायची नाही, फक्त तिची जागा बदलायची. उठल्यावर कोमट पाणी, चहा, गोठ्यातील फेरी आणि शौच आधी, मशेरी त्यानंतर. पोट मशेरीमुळेच साफ होते की नाही, हे माझ्या शब्दावर सोडण्यापेक्षा त्यांनी स्वतः पडताळून पाहावे, एवढाच यामागचा हेतू होता. शेतावर पाण्याची बाटली न्यायची, आणि दोघी-तिघींनी मिळून आडोशाला जायचे. रात्री भरपूर पाण्याबरोबर इसबगोल घेण्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितले. निकोटिनच्या च्युइंगगमचा विचार झाला, पण हलणारे दात आणि तोंडातील चट्टा पाहता डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला. सुनेने मात्र त्याच दिवसापासून पूर्ण थांबायचे. तिच्या सवयीला फार दिवस झाले नव्हते आणि गोळ्यांच्या वेळेबाबत तिच्या डॉक्टरांनी लक्ष घातले. दात घासायला साधी पेस्ट, आणि पुढच्या बाजारातून पान आणायचे नाही, ही अट सासूबाईंनी स्वतःच घातली.

पहाटेचा क्रम उलटल्यावर पहिले काही दिवस शौच अर्धवट झाले, त्यानंतर मशेरीच्या आधीच होऊ लागले. तेव्हा “मग ही कशापायी लावते मी?” असे त्यांनीच विचारले, आणि पहाटेची मशेरी सुटली. त्यानंतरचे दोन-तीन दिवस कठीण गेले: चिडचिड, जड डोके, उडालेली झोप. हा त्रास पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो, हे आधी सांगून ठेवल्यामुळे त्यांनी त्याला आजार मानले नाही. पुढे भावकीतील एका तेराव्याला चार जणींत बसल्यावर त्यांनी पुन्हा मशेरी लावली आणि आठवडाभर लावत राहिल्या. मग स्वतःहून केंद्रात आल्या. असे घसरणे या कामात नित्याचे आहे, त्यासाठी कोणाला बोल लावण्यात मी वेळ घालवत नाही. मशेरी कोणी दिली, तेव्हा काय मनात होते आणि पुढच्या वेळी कुठे बसायचे, एवढेच आम्ही बोललो. सून मात्र बाळंत होईपर्यंत आणि त्यानंतरही मशेरीपासून दूर राहिली. सासूबाईंच्या ओठातील चट्टा फिका झाला आहे, गेलेला नाही. दंतवैद्यांकडील त्यांच्या फेऱ्या चालूच आहेत.

हाच प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तंबाखू सोडल्यानंतरचे बद्धकोष्ठ पाणी, भाज्या, कडधान्ये आणि ठरलेली वेळ यांनी बहुधा काही आठवड्यांत सुधारते. महिना उलटूनही ते तसेच राहिले, शौचावाटे रक्त गेले किंवा वजन घटू लागले, तर दोष तंबाखू सोडण्याला न देता डॉक्टरांना दाखवावे. तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर मशेरी सुटलेली असो वा नसो, तपासणी लांबणीवर टाकू नये.