घरातलं दुःख आणि मुलीचं करिअर : एका आईच्या पत्राला उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतची चित्रफीत तीनदा पाहिली. इतर पालकांनाही संदर्भ लागावा म्हणून पत्रातली हकीकत थोडक्यात सांगते. तुमची मुलगी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजोबा आजारी असताना तिने त्यांच्या उजव्या हाताचा साचा घेतला. ते गेल्यावर त्यातून कच्च्या मातीचे नऊ हात काढले, ओढ्याच्या उथळ पाण्यात ठेवले आणि विरघळताना चित्रित केले. मागे तुमचं आणि तुमच्या भावाचं उपचारांवरून झालेलं भांडण ऐकू येतं. ते तिने तुम्हाला न सांगता फोनवर टिपलं होतं. प्रदर्शनात ते ऐकून भाऊ उठून गेले आणि तेव्हापासून ते बोलत नाहीत. आता तिला शिल्प आणि व्हिडिओ यांतच पुढे शिकायचं आहे. तुम्ही विचारता, यात पोट भरतं का आणि घरचं दुःख असं चव्हाट्यावर मांडायचं असतं का.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला जास्त बोचतो आहे.

आजोबा तिचेही होते. त्यांच्या जाण्याचं दुःख मांडायचा तिला पूर्ण हक्क आहे. तुमच्या भांडणाचा आवाज मात्र तिचा नव्हता. तो न विचारता वापरणं चूकच आहे आणि हे तिला स्पष्ट सांगा. तिने मामांकडे स्वतः जाऊन माफी मागावी आणि तो आवाज काढून टाकावा. कला म्हणूनही माझं मत हेच आहे. दुसऱ्या मिनिटाला भांडण सुरू झालं आणि माझं हातांवरचं लक्ष उडालं. तिसऱ्या वेळी मी आवाज बंद करून पाहिलं, तेव्हा घसा दाटून आला.

तिने काय केलंय ते पाहा. पूर्ण वाळलेली माती पाण्यात पडली की भराभर ढासळते, ओलसर माती बराच वेळ तग धरते. तिने बोटं वाळू दिली आणि तळहात ओला ठेवला. म्हणून बोटं आधी गळून जातात, पाणी गढूळ होतं आणि गाळ खाली बसल्यावर रिकामा तळहात तेवढा दिसत राहतो. मातीचा स्वभाव कळल्याशिवाय हे जमत नाही. करिअर उभं राहील ते या समजेवर. दुःख सगळ्यांकडेच असतं.

या वाटेवर आधी चाललेली माणसं आहेत. कलाकार ॲना मेंडिएटा 1961 मध्ये, बाराव्या वर्षी, आईवडिलांना सोडून बहिणीबरोबर क्युबातून अमेरिकेत आली आणि अनाथालयांत, परक्या घरांत वाढली. 1973 ते 1980 या काळात तिने चिखल, गवत, वाळू यांत स्वतःच्या शरीराच्या आकृत्या केल्या. त्या लाटांनी आणि पावसाने नेल्या. आज आपल्यापुढे आहेत ती त्यांची छायाचित्रं आणि छोट्या फिल्म. शिल्पकार लुईझ बूर्ज्वाची आई जुने विणलेले पडदे दुरुस्त करायची. ती 1932 मध्ये गेली. तिच्या आठवणीतून 1999 मध्ये जाळं विणणारी, नऊ मीटरहून उंच पोलादी कोळीण उभी राहिली, पोटाखाली संगमरवरी अंडी घेऊन. मधली सदुसष्ट वर्षं मोजा, ताई. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लुईझचं मोठं प्रदर्शन 1982 मध्ये लागलं, तेव्हा ती सत्तरीत होती.

म्हणून पोटाचं आताच सांगते. निव्वळ कलाकृती विकून सुरुवातीची वर्षं निघतील असं धरू नका. साचेकाम, ओतकाम, नाटक-सिनेमाचे सेट, संग्रहालयातली मांडणी, चित्रीकरण-संकलन, शिकवणं यांतलं एक काम तिने पक्कं हाती ठेवावं. मी साचेकाम सुचवेन, तिचा हात तिथे बसलेला आहे. व्हिडिओ विकला जातो तो मोजक्या प्रतींत, बहुधा तीन ते पाच, प्रमाणपत्रासह. त्यामुळे मूळ चित्रण तीन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवायला सांगा. ओढ्यातलं काम पुन्हा करता येत नाही. रेसिडेन्सीला, म्हणजे एखाद्या संस्थेत काही काळ राहून काम करण्याच्या संधीला, अर्ज करताना राहणं आणि साहित्य कोण देणार ते आधी वाचावं. काही संस्था मानधन देतात, काही उलट कलाकाराकडूनच पैसे घेतात.

पुढच्या प्रवेशासाठी तिने दहा-पंधरा चांगली छायाचित्रं, तीन मिनिटांचा संकलित तुकडा आणि एक पानाचं निवेदन तयार करावं. निवेदनात ‘नात्यांची गुंतागुंत’ वगैरे शब्द नकोत. माती किती वाळवली, पाणी किती खोल होतं, नऊच हात का, एवढं लिहिलं तरी परीक्षक थांबून वाचतील. आणि अभ्यासक्रम निवडताना नाव पाहण्याआधी कार्यशाळा पाहा : भट्टी, ओतकामाची सोय, संकलनाची यंत्रं विद्यार्थ्याला रात्री वापरता येतात का.

साचा तुम्ही रागाने कपाटाच्या तळाशी टाकलात असं लिहिलं आहे. तो बाहेर काढा. प्लास्टर ओल शोषतं आणि मऊ पडतं. दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवून, दोरीने बांधून, कोरड्या जागी ठेवा. त्यातून अजून बरेच हात निघतील, आणि त्यातला एक भाजून पक्का करून तुमच्या भावाला द्यावा असं मी तिला सुचवेन.

तुमची,
करिअर मार्गदर्शक